घासलेले दाते

आमच्या दिराला कुठलीही वस्तू खरखरीत राहिलेली बघवत नाही. तो नळाच्या तोट्या आणि जिन्याचे कठडे पॉलिश करणाऱ्या कारखान्यात होता. दिवसभर फिरत्या चाकापुढे उभं राहायचं आणि लोखंडाचा आरसा करायचा, हे त्याचं काम. म्हणून सगळे त्याला चकाचक म्हणायचे, आणि त्याला ते नाव आवडायचं. आमच्याकडे आला की बसायच्या आधी त्याची नजर घरभर फिरायची. दाराची कडी, डब्यांची झाकणं, सासूबाईंच्या चष्म्याची काडी. उचलायची, पिशवीत टाकायची आणि दुसऱ्या दिवशी झगझगीत करून आणायची. विचारायची पद्धत नाही. न मागता केलेल्या उपकाराला नको कसं म्हणणार?

माझी पाव कापायची दातेरी सुरी त्याने अशीच नेली. परत आणली तेव्हा तिच्यात माझा चेहरा दिसत होता आणि दाते साफ गेले होते.

"भाऊजी, दाते कुठे गेले?"

"वहिनी, किती खडबडीत होती हो! आता बघा, लोण्यातून फिरल्यासारखी फिरेल."

फिरली, पण पावाच्या वरून. वरचं कडक साल काही फुटेना आणि आतला मऊ भाग चेपून त्याचा लगदा व्हायला लागला. मी बोलले, तर सासूबाईंचा चेहरा पडला. "एवढ्या हौसेने करून दिलंय त्याने," म्हणाल्या, "आणि तू त्यात खोट काढतेस." धाकटा मुलगा म्हणजे त्यांच्या गळ्यातला ताईत. मी सुरी खणात टाकली आणि तेव्हापासून आम्ही पाव हाताने तोडून खायला लागलो. सून म्हणून एवढं तर करायलाच हवं.

माझा नवरा, म्हणजे थोरला, टगवर दोरांचं काम करायचा. टग ही बुटकी, दणकट बोट. मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावते. तिच्यावर सगळा खेळ दोरांचा. अंगठ्याएवढी दोरी आधी जहाजावर फेकतात आणि तिच्या मागून जाड दोर ओढून घेतात. ती दोरी ओली, निसरडी असते, आणि तिच्या वेढ्यात कुणाचा पाय सापडला तर गाठ सोडवत बसायला वेळ नसतो. कापावीच लागते. म्हणून तिथला पहिला नियम असा, की ज्याच्याजवळ सुरी नाही त्याने बोटीवर पाय ठेवायचा नाही.

यांची सुरी आम्ही दोघांनी मिळून आणली होती. लग्न नवीन होतं, मला वाटलं फिरायला नेतायत. नेलं ते सुऱ्यांच्या दुकानात. दुकानदाराने एकाहून एक देखण्या सुऱ्या काढल्या, आणि हे एकेक उघडून बाजूला ठेवत गेले. साध्या धारेची नको, ओल्या दोरीवरून घसरते. अर्धी साधी आणि अर्धी दातेरी नको, घाईत कुठला भाग दोरीला लागेल सांगता येत नाही. टोकाची नको, बोट हिंदकळली तर स्वतःच्याच मांडीत जायची. बारीक, अणकुचीदार दात्यांचीही नको, कारण दोरीचे धागे त्यांत गुंततात आणि दाते मोडतात. शेवटी त्यांनी आखूड, बोथट टोकाची, पूर्ण पात्याला रुंद वळणाचे दाते असलेली सुरी निवडली. एका अंगठ्याने उघडणारी, तीही ओला हातमोजा घालून उघडून बघितली. दुकानदाराने हातमोजा बघून माझ्याकडे बघितलं.

"साहेब, हिला धार लावायला फार त्रास पडतो," तो म्हणाला.

"पडू दे," हे म्हणाले. "धार जरा उतरली तरी दाते दोरी सोडत नाहीत. साधी सुरी उतरली की संपली."

आणि तो त्रास त्यांनी खरंच घेतला. सुटीच्या दिवशी खिडकीशी बसायचं. एक निमुळती, गोल सळई होती, तिच्यावर बारीक खर. प्रत्येक दात्याच्या खोबणीत ती बसेल तिथे ठेवायची आणि उताराच्याच बाजूने, पात्याच्या कडेकडे ढकलायची. एक खोबण झाली की पुढची. दुसरी बाजू सपाट असते, तिला उतार द्यायचा नाही. मागे वळून आलेली बारीक कड तेवढी दगडावर अलगद एकदा फिरवून काढायची. मग खारं पाणी गेलं की नाही म्हणून पुन्हा गोड्या पाण्याने धुवायची, पुसायची, बिजागरीत तेलाचा एक थेंब. एवढी निगा त्यांनी माझी कधी घेतली नाही, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे. ते हसायचे आणि पुढची खोबण धरायचे.

सासूबाईंना मात्र ती किरकिर सोसायची नाही. "कान किटले बाई," म्हणायच्या. "त्या चकाचककडे दिली तर एका मिनिटात होईल."

आणि एका संध्याकाळी त्यांनी ती दिलीच. हे आंघोळीला गेले होते, मी गच्चीवर कपडे काढत होते. खाली आले तेव्हा दिराची पाठ तेवढी जिन्यात दिसली. सुरी नेली, हे मला कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावणं आलं ते हॉस्पिटलमधून.

दोरीच्या वेढ्यात यांचा पाय सापडला होता. तिकडून जहाज ओढत होतं, इकडे लोखंडी खुंटा. बोटीच्या मागच्या टोकाला हे एकटेच होते; पुढच्या माणसांना कळून ते कुऱ्हाड घेऊन धावत येईपर्यंत पायाचं जे व्हायचं ते झालं होतं. गुडघ्याच्या खालून काढावा लागला. नर्सने माझ्या हातात कपड्यांची पिशवी दिली. कापलेला रेनकोट, कापलेली पँट, एकच बूट. पँटच्या पट्ट्याला दोरीने बांधलेली सुरी होती. उघडीच. पात्याच्या कडेला दोरीचा निळा भुसा चिकटला होता. आणि पातं चकचकत होतं. दात्यांच्या जागी नुसत्या उथळ लाटा उरल्या होत्या. मला पाव कापायची सुरी आठवली आणि ही कुणाच्या हातून गेली ते कळलं.

हे शुद्धीवर आले त्याच दिवशी टगचा कप्तान भेटायला आला. भला माणूस. खुर्ची ओढून बसला, टोपी मांडीवर ठेवली.

"एवढंच सांग," तो म्हणाला, "सुरी जवळ होती ना? होती, पण चालली नाही, असं असेल तर मी वर तसं सांगतो. गोदामातली जागा तुझीच."

ते दोरांचं गोदाम धक्क्यावरच आहे. बोटीवर जायबंदी झालेल्या माणसाला तिथे बसवतात, ही तिथली जुनी रीत. स्टुलावर बसून दोर तपासायचे, झिजलेले बाजूला काढायचे आणि नव्या माणसांना दोर आणि सुरी शिकवायची. पाय नसला तरी माणूस आपल्या लोकांत राहतो. सुरीचा नियम मोडलेल्याला मात्र तिथे बसवत नाहीत. तो दुसऱ्यांना काय शिकवणार?

पिशवी माझ्या मांडीवर होती. मी आत हात घातला. तेवढ्यात यांनी पांघरुणाखालून माझं मनगट धरलं. नुकताच शुद्धीवर आलेला माणूस, पण पकड अशी की बोटं उमटली.

"घरी विसरलो," हे म्हणाले.

कप्तानाने मांडीवरची टोपी उचलली. "तू?" एवढंच म्हणाला आणि उठला.

तो गेल्यावर मी भडकले. हॉस्पिटल होतं म्हणून आवाज दाबला, एवढंच.

"अहो, सुरी ही काय माझ्या हातात आहे!"

"हळू बोल. धाकट्याने रात्री आणून दारासमोरच्या खिळ्याला अडकवली असणार. सकाळी घाईत काढून खिशात टाकली. उघडली तेव्हा बोटीने धक्का सोडला होता. म्हटलं, आजचा दिवस निभावून नेऊ."

"मग सांगा की तसं!"

"काय सांगू? माझ्या भावाने माझा पाय घालवला? आणि सुरी आईने काढून दिली? त्या बिचाऱ्याला कल्पनाही नाही. कळलं तर जन्मभर जळेल. आणि आई? आपलेच दात, आपलेच ओठ. तू कुणापाशी बोलणार नाहीस."

मी मान हलवली. पाय गेलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही. पण खरं सांगते, तेव्हा मला त्यांचा अभिमानही वाटला होता. माझ्या नवऱ्याचं मन केवढं मोठं, असं वाटलं होतं.

घरी आल्यावर लोकांची रीघ लागली. मोठ्या मनाची किंमत तेव्हा कळली. जो येई तो मान हलवी. "एवढा अनुभवी माणूस, आणि सुरी घरी!" "आपला तर विश्वासच बसत नाही." एकजण तर हसत म्हणाला, शिपायाने बंदूक विसरावी तसं झालं. आणि ह्या सगळ्यांच्या मध्ये आमचे दीर, चहाचे कप पुढे करत.

"मी धार लावून दिली होती हो," तो प्रत्येकाला सांगायचा. "आरशासारखी! केस कापावा अशी. आणि दादा घरी विसरला. नशीब, दुसरं काय!"

सासूबाई शेजारी बसून डोळे पुसायच्या. मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर बिचारा चोर नाही, त्याला काही माहीतच नाही, असं स्वतःला समजावायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

गोदामातली जागा दुसऱ्याला गेली. ज्याला दिली त्याचे दोन्ही पाय शाबूत होते, कंबर तेवढी दुखत होती.

हे खिडकीशी बसायला लागले. कुबडी भिंतीला टेकवायची, सळई काढायची आणि त्या उथळ लाटांमध्ये पुन्हा खोबणी पाडत बसायचं. गेलेला दाता परत आणणं म्हणजे चेष्टा नाही. एकेका खोबणीला कितीतरी दिवस जात. किर्र, किर्र, दिवसभर. सासूबाई आता त्या आवाजाबद्दल चकार शब्द काढत नसत. मला वाटायचं, पश्चात्ताप होत असेल. ह्यांचा वेळ जातोय तर जाऊ दे, असंही वाटायचं. आणि मनात एक आशाही होती. म्हटलं, एक ना एक दिवस यांचं मन बदलेल. ही सुरी आणि तो भुसा अजून घरात आहे, आपण कप्तानापुढे ठेवू. भुसा मी कागदाच्या पुडीत जपून ठेवला होता. पण नुसत्या भुशाला कोण विचारतो? खरी साक्ष पात्याची होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत रोज थोडी थोडी पुसली जात होती. मी मात्र त्यांना सळई शोधून देत होते, चहा देत होते.

मग दिराचा कारखाना बंद पडला. लोकांना आता प्लास्टिकचे नळ लागतात. कप्तानाच्या टगवर यांची जागा अजून रिकामीच होती. भावाच्या जागी भाऊ, म्हणून कप्तानाने त्याला घ्यायचं ठरवलं. सासूबाईंनी हात जोडले. मी म्हटलं, चला, एका पायावर दोन संसार उभे राहिले.

कामावर जायच्या दिवशी सकाळी तो आमच्याकडे आला. नवा रेनकोट, नवे बूट, दोन्ही अर्थातच चकचकीत. कप्तान खाली गाडी लावून येतोय म्हणाला, इथूनच दोघे पुढे जाणार.

"दादा, तुझी सुरी देतोस?"

हे जणू वाटच बघत होते. सुरी त्यांनी पुसून, तेल घालून तयार ठेवली होती. सगळे दाते पुन्हा जागच्या जागी. दुकानातून आणली होती तेव्हा होती तशी.

मला धडकी भरली. हा माणूस ही सुरी संध्याकाळी घरी नेणार, कारखाना नसला तरी कुठल्यातरी चाकावर धरणार आणि उद्या त्याचाही पाय जाणार. शत्रूचंही वाईट चिंतू नये, हा तर घरातला. मी ठरवलं, बास. यांना राग येऊ दे, आज बोलायचं.

पण बोलायच्या आधी मी त्याचे हात बघितले.

त्याने सुरी एका अंगठ्याने उघडली. खिडकीपाशी गेला. पातं उजेडात आडवं धरलं आणि एकेक दाता नखाने तपासत गेला. मग उलटी करून सपाट बाजू बघितली. खिशातून दोरीचा तुकडा काढला. दोरी ओली होती. घरून भिजवून आणली होती. भिंतीवरच्या हुकाला अडकवून ताणली आणि सुरी एकदा ओढली. दोरी तुटली. त्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि पातं मिटलं.

ज्या माणसाने चष्म्याची काडीसुद्धा सोडली नाही, त्याच्या हातात खरखरीत लोखंड होतं आणि तो त्याला हात लावत नव्हता.

"भाऊजी," मी म्हटलं, "पॉलिश नाही करणार?"

"नको वहिनी," तो म्हणाला. "ही अशीच बरी."

आणि मग त्याने वर बघितलं, आणि आपण काय बोललो हे त्याला कळलं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" मी विचारलं.

तो यांच्याकडे बघायला लागला. हे खिडकीबाहेर बघत होते. बोलल्या त्या सासूबाई.

"अगं, त्या दिवशी सकाळी धक्क्यावर धावत जाऊन त्यानेच नाही का याच्या हातात दिली," त्या हळूच म्हणाल्या. "रात्री आणायला जमलं नाही म्हणून. आता उगाळू नकोस."

म्हणजे खिळ्याला अडकवली वगैरे सगळं झूट. त्याने स्वतःच्या हाताने सुरी दिली, आणि मग स्वतःच्याच तोंडाने गावभर सांगितलं की दादा ती घरी विसरला. सासूबाईंना माहीत. यांना माहीत. जिला माहीत नव्हतं ती मी एकटी. मला वाटत होतं, आम्ही दोघं मिळून त्याला सांभाळतोय. ते तिघं मिळून मला सांभाळत होते.

"तुम्ही माझ्याशीही खोटं बोललात?" मी यांना विचारलं.

"तू गप्प बसली नसतीस," हे म्हणाले.

तेवढ्यात कप्तान दारात आला. यांच्या खांद्यावर हात ठेवला, दोन शब्द बोलला. मग दिराकडे वळला. "सुरी घेतलीस ना? भावासारखं करू नकोस."

"एक वेळ डबा विसरेन साहेब," दीर म्हणाला, "पण सुरी नाही. दादाचं बघितलंय ना." आवाज जरा कापला, पण बोलला.

"कप्तानसाहेब," मी म्हटलं, "सुरी यांच्याजवळ होती. दाते भाऊजींनी घासून टाकले होते, म्हणून दोरी तुटली नाही. ती मी स्वतः हॉस्पिटलच्या पिशवीतून काढली आहे."

कप्तानाने यांच्याकडे बघितलं. मीही बघितलं. म्हटलं, आता तरी. नुसती मान हलवा. बोलूही नका.

"हिचं मनावर घेऊ नका," हे म्हणाले. "सुरी घरीच होती. हिला माझ्याबद्दल कुणी बोललेलं सहन होत नाही."

"खरंच, दार उघडल्यावर समोर खिळ्याला लटकत होती," सासूबाई म्हणाल्या. "मी बघितली ना."

दिराने सुरी उघडून कप्तानापुढे धरली. सगळे दाते जागेवर, एकही घासलेला नाही. माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याच्या हातचे.

कप्तानाने पात्यावरून बोट फिरवलं. "उत्तम राखलीय," म्हणाला. मग माझ्याकडे वळून, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "वहिनी, मला समजतं. होतं असं." दोघे जिना उतरून गेले. सासूबाई त्यांना पोचवायला खालपर्यंत गेल्या.

मी उभीच होते. भुशाची पुडी ओट्यावरच्या डब्यात होती. कुणासाठी काढणार? यांनी सळई पुसली, कापडात गुंडाळली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिली. आता तिचं काम उरलं नव्हतं. चेहऱ्यावर समाधान होतं, ते लपवायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही.

"चहा कर," हे म्हणाले. "आणि पाव असेल तर दे."

मी पाव आणला. अख्खा. तोडला नाही. त्यांच्यापुढे ठेवला आणि खणातून ती चकचकीत सुरी काढून शेजारी ठेवली.

"कापा," मी म्हटलं.

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग सुरी उचलली आणि पावावर ओढली. घसरली. पुन्हा ओढली, जोर लावून. पाव चेपला, कापला गेला नाही. मी तिथेच उभी राहिले आणि ते ओढत राहिले.